रुग्ण 'व्हय' म्हणतो आणि घरी जाऊन काहीच करत नाही. तुम्ही कसं बोलता?

नाईट_ड्युटी:

नमस्कार. मी स्टाफ नर्स आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेय. कोल्हापुरात एका खासगी हॉस्पिटलात पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डला तीन वर्षं झाली. मूळची लातूरकडची. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

गेल्या महिन्याभरात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही डोक्यातून जात नाहीत.

पहिली. करवीर तालुक्यातले एक मामा, वय साठीच्या पुढं, घरी ऊस आणि दोन म्हशी. तळपायाला जखम घेऊन आले, साखर चारशेच्या वर. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी चालत गेले होते. डांबर तापलेलं. शुगरमुळं पायाची संवेदना गेलेली, त्यामुळं तळवा भाजला तरी कळलं नाही. घरी येऊन जमिनीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. मी पहिल्या ड्रेसिंगलाच म्हणाले, "मामा, शुगर असताना अनवाणी कशाला गेला? पाय जाईल एक दिवस." कॉटभोवती सात-आठ नातेवाईक उभे होते. असो. जखम साफ केली, अँटिबायोटिक दिलं, इन्सुलिन सुरू झालं, नवव्या दिवशी डिस्चार्ज.

डिस्चार्जला मी सगळं नीट सांगितलं. सकाळी १४ युनिट, संध्याकाळी १०, जेवणाआधी अर्धा तास. बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. जागा बदलत टोचायचं. घाम सुटला, हातपाय थरथरले तर लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाकायचा. "समजलं का मामा?" "व्हय." "घेणार ना रोज?" "व्हय व्हय." "काही विचारायचंय?" "न्हाई." मावशी पायथ्याशी पदर धरून उभ्या होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. 'रुग्ण व नातेवाईकांना समजावून सांगितले' असं लिहून मी सही घेतली.

डिस्चार्जनंतर एकोणिसाव्या दिवशी मामा परत आले. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलेलं. बोट काढावं लागलं. मावशींनी पिशवीतून इन्सुलिनची बाटली काढून दाखवली, तिचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

दुसरी. रात्री दोनची वेळ. आतड्याचं ऑपरेशन झालेला एक पेशंट, दुसरा दिवस. श्वास मिनिटाला २६, नाडी ११८, ऑक्सिजन ९३. बीपी ठीक होतं. पण माणूस मला बरा दिसत नव्हता. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी महिन्याभरापूर्वी मला नातेवाइकांसमोर झापलं होतं, "एवढ्यासाठी उठवलंस?" म्हणून. मी पुन्हा श्वास मोजले. चार्टवर लिहिलं. पुन्हा मोजले. अशी चाळीस मिनिटं गेली. मग बीपी पडलं, धावपळ झाली, आयसीयूत हलवलं. तो माणूस वाचला, आता घरी आहे. त्या चाळीस मिनिटांबद्दल मला कुणी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

आमच्याकडं 'सॉफ्ट स्किल'चं प्रशिक्षण झालंय. हॉलमध्ये दोन तास. हसतमुख राहा, नमस्कार करा, सर-मॅडम म्हणा. मी हसतमुखच होते त्या डिस्चार्जला.

मला प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून ऐकायचंय. तुम्ही नेमके कोणते शब्द वापरता? आणि इथल्या लोकांच्या बोलण्यात मला काय कळत नाहीये? तीन वर्षं झाली तरी कधी कधी वाटतं की माणसं भांडतायत, आणि ती नुसती चौकशी करत असतात.

---

निवृत्त_परिसेविका:

बाळ, सरकारी नोकरीत ३४ वर्षं वॉर्ड बघितले, शेवटची सात वर्षं परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर म्हणून. तुझं लिहिणं दोनदा वाचलं. तुझ्या मजकुरात एक 'असो' आहे. तिथं थांब.

तू त्या माणसाला सात-आठ जणांसमोर विचारलंस, अनवाणी कशाला गेला. तुझं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पण जोतिबा म्हणजे इथल्या कित्येक घरांचं कुलदैवत. चैत्राला माणूस तिथं हौसेनं जात नाही, काहीतरी बोललेला असतो देवाला. तू त्याच्या भावकीसमोर त्याला वेड्यात काढलंस, असं त्याला वाटलं. त्यानंतर त्यानं तुला 'व्हय' सोडून दुसरं काही सांगितलं का, आठव बघू. आपल्याकडं 'व्हय'चा अर्थ 'पटलं' असा नसतो. 'तुमी बोला, मी ऐकतोय' असा असतो. आणि कधी कधी 'आता पुरे करा' असाही असतो.

आणि आता दुसरी गोष्ट बघ. डॉक्टरांनी तुला लोकांसमोर झापलं. त्यानंतर तू काय केलंस? तूही गप्प बसलीस. मामांची बंद बाटली आणि तुझी चाळीस मिनिटं, दोन्हींचं मूळ एकच आहे गं. चारचौघांत ज्याचा पाणउतारा होतो तो वाद घालत नाही, तोंड मिटून घेतो. मग आपण म्हणतो, सांगून ऐकत नाहीत. हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. माझ्याकडून हे किती वेळा झालंय ते माझं मला माहीत.

आता कामाचं. मी वॉर्डात एक स्टूल ठेवायचे. उभं राहून बोललं की पेशंटला आपण निघायच्या घाईत दिसतो. बसलं की तेवढीच दोन मिनिटं त्याला दहा मिनिटांसारखी वाटतात. "समजलं का" हा प्रश्न मी सोडूनच दिला होता, कारण त्याला 'नाही' म्हणायला माणसाला लाज वाटते. त्याऐवजी म्हणायचं, "मामा, मी घाईत बोलते, माझं काही सुटलं असेल. घरी गेल्यावर मावशींना कसं सांगाल, तेवढं मला सांगा." चूक आपल्याकडं घ्यायची, म्हणजे त्याला चुकायची भीती उरत नाही. आणि हातानं करायचं काम असेल तर तोंडी उत्तर धरायचंच नाही, करूनच दाखवायला लावायचं.

तीन गोष्टी हमखास विचारायच्या. घरात स्वयंपाक कोण करतं, औषध आणायला पेठेत कोण जातं आणि पैसे कुणाकडं असतात. बऱ्याचदा ही तीन वेगळी माणसं असतात आणि कॉटवरचा माणूस त्यातला एकही नसतो.

मावशी पायथ्याशी उभ्या होत्या म्हणतेस. त्यांना बाजूला घेऊन एकटीला विचारलंस का? बाया पुरुषांच्या घोळक्यात दुखणं बोलत नाहीत, हे आजचं नाही. आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या त्याच कारणानं, इथल्या बायांना बाई डॉक्टर हवी म्हणून. १८८६ मध्ये कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डासाठी नेमलं. रुजू व्हायच्या आधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. आमच्या नर्सिंगच्या बाईंनी पहिल्या वर्षाला ही गोष्ट सांगितली होती, आणि वॉर्डात एखादी सासू सुनेच्या वतीनं उत्तरं द्यायला लागली की मला ती आठवायची.

अजून एक, २०१९ च्या महापुरातलं. शिरोळ तालुक्यातली माणसं शाळेत आणून ठेवली होती, मी तिथं ड्युटीला. रांगेत एकेकाला विचारत होते, "काही आजार? औषध चालू आहे?" सगळ्यांचं एकच उत्तर, "काय न्हाई." शेजारीपाजारी ऐकत असताना कोण सांगणार? मग प्रश्न बदलला. "रोज सकाळी चहानंतर कुठल्या रंगाची गोळी घेता? ती पुरात गेली का?" मग एकेक जण बोलायला लागला. बीपी, शुगर, फिटची गोळी, सगळं निघालं. एकीची फिटची गोळी बंद होऊन तिसरा दिवस चालू होता.

आवाजाचं म्हणशील तर इथं मोठ्यानं बोलणं म्हणजे राग नव्हे. "काय ओ सिस्टर, कवा सोडताय आमच्या माणसाला?" हे भांडण नाही, काळजी आहे. तो आवाज एकदम खाली आला की मात्र लक्ष द्यायचं.

---

फुलेवाडीची_सून:

मी नर्स नाही, पेशंटच्या घरातली आहे. लिहू का नको असं झालं, पण वरचं 'करून दाखवायला लावा' वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं. २० युनिट. आम्हाला सांगितलं, विचारलं, आम्ही सगळे हो म्हणालो. दोन आठवडे रोज न चुकता मी स्वतः दिलं, आणि साखर काही उतरेना. सासरे म्हणायला लागले, सुई लागू पडत नाही. मला वाटलं ते चोरून जिलेबी खातात. खरं सांगते, दोनदा बोललेसुद्धा त्यांना.

पुढच्या तपासणीला तिथल्या एका सिस्टरनी म्हटलं, बाटली आणि सुई घेऊन या आणि माझ्यासमोर भरा. मी भरली. त्यांनी लगेच हात धरला. बाटली ४० ची होती, एक मिलिलीटरमध्ये ४० युनिट. सिरिंज १०० ची होती, केशरी टोपणाची. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची लागते. मी केशरी सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत भरत होते, म्हणजे प्रत्यक्षात ८ युनिट जात होतं. उलटं झालं असतं, १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तर अडीच पट गेलं असतं आणि माणूस बेशुद्ध पडला असता, असं त्या म्हणाल्या.

दुकानात मी "इन्सुलिनची सुई द्या" एवढंच म्हटलं होतं. त्यांनी दिली. कुणी खोटं बोललं नाही, कुणी आळस केला नाही. फक्त कुणी बघितलं नाही. सासऱ्यांची माफी मागितली मी. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी चहा माझ्या हातचाच मागितला.

---

वॉर्ड_ब्रदर:

परिसेविका मॅडम, आदरानं विचारतो. रात्री २८ पेशंटला एक सिस्टर आणि एक मावशी. स्टुलावर बसायचं कधी? डिस्चार्जच्या दिवशी तर बिल, मेडिकलचा परतावा, योजनेची कागदं, खाली रिक्षा थांबलेली. त्या गोंधळात कोण कुणाचं ऐकतं?

---

निवृत्त_परिसेविका:

बरोबर आहे तुझं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी शिकवायचंच नाही. ड्रेसिंगला हात आपले गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. रोजच्या ड्रेसिंगला एकच गोष्ट. पहिल्या दिवशी बाटली कुठं ठेवायची, दुसऱ्या दिवशी सुई भरायला त्यांनाच द्यायची. नऊ दिवस होते तिच्याकडं. आणि माणसं कमी आहेत हे खरंच आहे, ते स्टुलानं भरून निघणार नाही. त्यासाठी वर भांडावं लागतं, मी भांडलेय.

---

राधानगरी_रोड_दवाखाना:

मी डॉक्टर आहे, २२ वर्षं गावाकडं प्रॅक्टिस. त्याआधी तीन वर्षं मोठ्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या केल्या. नाईट ड्युटी सिस्टर, तुम्हाला ज्यांनी झापलं तसाच डॉक्टर मी होतो. छत्तीस तास जागा, डोळे उघडत नाहीत आणि फोनवर "सर, पेशंट बरा वाटत नाही" एवढंच वाक्य. मी ओरडायचो. एका सिस्टरनी मला बोलवायचं सोडूनच दिलं. एके सकाळी राउंडला मला जे दिसलं, ते त्यांना पहाटे तीनलाच दिसलेलं होतं. त्या पेशंटबद्दल इथं जास्त लिहवत नाही.

त्यामुळं आधी हे सांगतो. २६ श्वास आणि ११८ नाडी, ऑपरेशनचा दुसरा दिवस, यावर डॉक्टरला उठवायलाच हवं. शरीर बिघडायला लागलं की बहुतेकदा आधी श्वास वाढतात, बीपी शेवटपर्यंत टिकून राहतं आणि मग एकदम पडतं. तुम्ही बरोबर ओळखलं होतं. तुमची नजर चुकली नाही.

आता शब्द. फोन उचलण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा. आत्ता काय होतंय, हा पेशंट कोण आणि कशासाठी दाखल आहे, मला काय वाटतंय, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. जगभर याला एसबार म्हणतात. ही रीत अमेरिकेच्या नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून आली, तिथं खालच्या हुद्द्याच्या माणसाला वरच्याला थोडक्यात आणि न घाबरता सांगता यावं लागतं. पुढं ती हॉस्पिटलांनी उचलली. आपल्या भाषेत असं होईल:

"सर, सर्जिकल वॉर्डातून बोलतेय. बेड नंबर सातचे श्वास २६, नाडी ११८, ऑक्सिजन ९३, तासापूर्वी श्वास १८ होते. आतड्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. मला इन्फेक्शन वाढत असेल अशी काळजी वाटतेय. तुम्ही येऊन बघावं."

शेवटचं वाक्य गाळायचं नाही. आपल्याकडं ज्युनिअर माणूस माहिती देतो आणि मागणी गिळतो, समोरच्यानं ओळखून घ्यावं म्हणून. झोपेतला माणूस ओळखत नाही. त्यांनी "बघू सकाळी" म्हटलं तर शांतपणे, "ठीक आहे सर, मी वेळ टाकून तसं नोटमध्ये लिहिते, आणि पंधरा मिनिटांनी आकडे पुन्हा कळवते." आणि तरी आले नाहीत तर इन्चार्जना किंवा कन्सल्टंटना थेट फोन. तो तुमचा उद्धटपणा नाही, काम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनसाठी जी तपासणी यादी आणली, तिच्यात एक साधी ओळ आहे. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. मला आधी तो वेळेचा अपव्यय वाटला होता. पण ज्यानं एकदा स्वतःचं नाव मोठ्यानं सांगितलंय, त्याला पुढं "सर, एक मॉप (रक्त टिपायचं कापड) कमी आहे" म्हणायला जड जात नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय पहिल्या वर्षापासून आहे. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. आम्ही जे शिकलो ते सीनियरच्या ओरडण्यातून.

गर्दीबद्दल थोडं. इथं एक माणूस दाखल झाला की गल्ली येते, तालमीतली पोरं येतात, पाव्हणं-रावळं डबे घेऊन येतात. तरुण डॉक्टर त्या गर्दीला घाबरतात. भिंतीवर २०१० च्या कायद्याचा फलक असतो, डॉक्टर-नर्सवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. फलक असावाच, पण त्यानं भीती जात नाही, आणि भ्यालेला माणूस तुसडं बोलतो. मी दाखल केल्याबरोबर विचारतो, "तुमच्यातलं बोलणारं माणूस कोण? मी रोज संध्याकाळी सहाला त्यांच्याशी बोलणार." वेळ ठरवली की पाळायची, नवं काही सांगायला नसलं तरी. पाच मिनिटं उशीर झाला की गर्दी आपोआप वाढते, हे मी पाहिलेलं आहे.

---

नाईट_ड्युटी:

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, सलग चार नाईट होत्या.

परिसेविका मॅडम, 'असो' वाचून आधी राग आला. मग रडू आलं. मामा अजून वॉर्डातच होते, म्हणून काल संध्याकाळी ड्रेसिंगच्या वेळी गेले. नातेवाईक चहाला खाली गेले होते. बसायला काही नव्हतं, शेजारच्या रिकाम्या कॉटवर बसले. म्हणाले, "मामा, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं माझं."

ते बराच वेळ पट्टीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी बोलला ते खरंच हुतं. पर नातीसाठी बोललो हुतो देवाला. काचंच्या पेटीत हुती तीन आठवडं."

मी काही बोलले नाही. मग सुईचं निघालं. त्यांच्या थोरल्या भावाला सुई लावली आणि आठ दिवसांत तो गेला. घरात तेव्हापासून सगळ्यांच्या मनात पक्कं, सुई म्हणजे शेवट. तीन आठवडे बाटली फ्रिजमध्ये होती आणि घरातलं कुणी तिला हात लावत नव्हतं. मी सांगितलं की भावाची तब्येत आधीच फार खालावलेली असणार, म्हणून शेवटी सुईवर आले असतील. मामांनी थोडा विचार केला. "म्हंजे ऊस वाळल्यावर पानी सोडलं," म्हणाले. मी म्हटलं, तसंच.

मावशींना आज सकाळी बाजूला घेतलं. इथल्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात, त्याची आता सवय झालीय, पण त्या ज्या ठामपणे म्हणाल्या, "सुई मी देतो की रोज, मला भ्या न्हाई," ते ऐकून बरं वाटलं. लाल टोपणाची सिरिंज आणि सलाइनचं पाणी दिलं भरायला. पहिल्यांदा त्यांनी २४ वर आणलं. मी काहीच म्हटलं नसतं तर त्यांनी तसंच दिलं असतं, कारण 'चौदा'च्या जागी त्या 'चोवीस'ची रेघ धरत होत्या. आता १४ च्या रेघेवर त्यांच्या मुलानं मार्करची खूण करून द्यायची असं ठरलंय, आणि प्रत्येक नव्या सिरिंजला खूण करणारा तो एकटाच. औषध आणणाराही तोच, इचलकरंजीला यंत्रमागावर असतो. उद्या येतोय. त्याच्या हातानंही माझ्यासमोर एकदा भरून घेणार आहे. फुलेवाडीच्या ताई, हे तुमच्यामुळं.

मामांनी पुढच्या चैत्राचं विचारलं. मी म्हटलं, आधी जखम भरू दे, मग पायात बूट घालून जायचं का, ते डॉक्टरांना आपण दोघं मिळून विचारू. "बूट पायरीपाशी काढलं तर?" म्हणाले. तेही विचारायचं ठरलंय.

डॉक्टर, तुमच्या चार ओळी कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवल्यात. परवा रात्री एकदा वापरल्या, वेगळे डॉक्टर होते, सहा मिनिटांत आले. ज्यांनी झापलं होतं त्यांची ड्युटी शुक्रवारी आहे. छातीत धडधडतंय, पण कागद तिथं आहे.

इन्चार्जना स्टूल मागितलंय. त्या हो म्हणाल्यात, स्टोअरमधून कुठलं हवं ते सांग म्हणाल्या. परिसेविका मॅडम, तुमचं केवढ्या उंचीचं होतं?